सुपर फाल्कन्स: नायजेरियाच्या महिला फुटबॉल संघाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक नवी मुंबईत, गोव्यात आणि भुवनेश्वरला खेळला गेला, तेव्हा नायजेरियाच्या मुली आपल्याकडच्या पुष्कळ प्रेक्षकांना पहिल्यांदा दिसल्या. मग जुलै २०२५ मध्ये मोरोक्कोतल्या रबातला आफ्रिकेच्या महिला स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि त्यांच्या मोठ्या संघाबद्दल प्रश्नांची रांगच लागली. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे जरा किचकट. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात उगाळलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुपर फाल्कन्स म्हणजे नेमका कोणता संघ?

नायजेरियाचा वरिष्ठ महिला राष्ट्रीय संघ. फाल्कन म्हणजे ससाणा. नायजेरियाच्या फुटबॉलमध्ये सगळा कारभार पक्ष्यांचा आहे: पुरुषांचा संघ सुपर ईगल्स, वीस वर्षांखालच्या मुलींचा फाल्कनेट्स आणि सतरा वर्षांखालच्या मुलींचा फ्लेमिंगोज. फ्लेमिंगो म्हणजे ठाणे खाडीत आणि उजनीला थंडीत उतरणारा आपला रोहित. २०२२ च्या ऑक्टोबरात खाडीवरचे रोहित यायचे होते, त्याआधीच या फ्लेमिंगो नेरूळच्या मैदानावर उतरल्या होत्या (प्रश्न १८).

२. हा संघ कधी सुरू झाला?

पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना फेब्रुवारी १९९१ मध्ये घानाविरुद्ध झाला आणि नायजेरियाने तो ५–१ असा जिंकला. हा मुहूर्त का, तर त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक होता आणि आफ्रिकेच्या वाट्याला एकच जागा होती. त्या जागेसाठी पात्रता फेरी खेळायला संघ उभा करणं भाग होतं. १९८८ मध्ये चीनच्याच ग्वांगडोंग प्रांतात फिफाने चाचणी म्हणून एक निमंत्रितांची स्पर्धा घेतली होती. तिथे आफ्रिकेतून आयव्हरी कोस्ट गेला होता, नायजेरिया नव्हे. त्यामुळे तीनच वर्षांत नायजेरिया पुढे निघून गेला ही गोष्ट साधी नाही. घाना, गिनी आणि शेवटी कॅमेरून यांना हरवून ती एकमेव जागा त्यांनी मिळवली.

३. आफ्रिकेची स्पर्धा त्यांनी किती वेळा जिंकली आहे?

१० वेळा किंवा १२ वेळा. टाळाटाळ करत नाही, खरोखरच दोन आकडे चालतात. त्यामागचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे. तुलनेसाठी एवढं लक्षात ठेवा की नायजेरियाच्या पुरुषांनी आफ्रिका चषक तीनदा जिंकला आहे: १९८०, १९९४ आणि २०१३.

४. विश्वचषकातली कामगिरी कशी आहे?

१९९१ पासून २०२३ पर्यंत महिलांचे नऊ विश्वचषक झाले. त्या नऊच्या नऊ स्पर्धांत खेळलेले संघ जगात सातच आहेत: अमेरिका, जर्मनी, नॉर्वे, स्वीडन, ब्राझील, जपान आणि नायजेरिया. या यादीत आफ्रिकेचं दुसरं नाव नाही.

निकाल मात्र चढउताराचे. १९९१ मध्ये तिन्ही सामने गेले, एकही गोल झाला नाही. १९९५ मध्ये नॉर्वेने ८–० असं धुतलं, पण कॅनडाशी ३–३ बरोबरी झाली. १९९९ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली (प्रश्न ५), ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी. २००३ ला पुन्हा तिन्ही पराभव, पुन्हा शून्य गोल. २००७, २०११ आणि २०१५ मध्ये गटातूनच परत. २०१९ आणि २०२३ मध्ये अंतिम सोळापर्यंत मजल.

५. १९९९ च्या सामन्याबद्दल जुने चाहते इतकं का बोलतात?

कारण त्या एका महिन्यात या संघाचं सगळं दिसलं, चांगलंही आणि वाईटही.

अमेरिकेतल्या त्या विश्वचषकात नायजेरियाने आधी उत्तर कोरियाला २–१ असं हरवलं. मग शिकागोत यजमान अमेरिकेविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला न्किरू ओकोसिएमेने गोल केला. डोक्याने गोल मारण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून तिला ‘हेडमिस्ट्रेस’ म्हणत. भरलेलं मैदान क्षणभर गप्प झालं असणार. पण सामना संपला तेव्हा फलक ७–१ दाखवत होता, अमेरिकेच्या बाजूने. दुसरा एखादा संघ तिथेच खचला असता. यांनी डेन्मार्कला २–० हरवलं आणि बाद फेरी गाठली. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलेला हा आफ्रिकेचा पहिला महिला संघ.

१ जुलैला वॉशिंग्टनजवळच्या लँडओव्हरमध्ये समोर ब्राझील. मध्यंतराला ०–३. घरी टीव्ही बंद करून झोपायला गेलेल्यांचा दोष नाही. पण दुसऱ्या सत्रात ६३व्या मिनिटाला एमेआफू, ७२व्या मिनिटाला ओकोसिएमे आणि ८५व्या मिनिटाला एग्बे यांनी गोल केले. ३–३. दोनच मिनिटांनी पेशन्स आव्रेला लाल कार्ड मिळालं आणि जादा वेळ दहा जणींनी खेळावा लागला. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल झाला की खेळ खलास. १०४व्या मिनिटाला ब्राझीलच्या सिसीची फ्री किक जाळ्यात गेली आणि सगळं संपलं.

माझ्या मते या संघाचा सर्वात मोठा सामना हाच, आणि तो त्यांनी हरलेला आहे. प्रशिक्षक होते इस्माइला माबो. याच कामगिरीच्या जोरावर सिडनी ऑलिम्पिकचं तिकीटही मिळालं.

६. २०२३ मध्ये इंग्लंडकडून हरले की नाही? “अपराजित” असंही वाचलं.

दोन्ही बरोबर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या त्या विश्वचषकात नायजेरिया मैदानावरच्या खेळात एकदाही हरला नाही. कॅनडाशी ०–० झाली. कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर म्हणजे आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये सर्वाधिक गोल करणारी बाई, आणि तिची पेनल्टी चियामाका न्नादोझीने अडवली. ब्रिस्बेनमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ३–२ हरवलं. आयर्लंडशी पुन्हा ०–०.

अंतिम सोळामध्ये इंग्लंडविरुद्ध १२० मिनिटं गोलशून्य. इंग्लंडच्या लॉरेन जेम्सने खाली पडलेल्या मिशेल अलोझीच्या अंगावर पाय दिला आणि तिला बाहेर जावं लागलं, म्हणजे जादा वेळ इंग्लंड दहा जणींवर होतं. तरी गोल झाला नाही आणि पेनल्टी शूटआउटमध्ये इंग्लंड ४–२ ने पुढे गेलं. नोंदीच्या शिरस्त्यानुसार शूटआउटने सुटलेला सामना बरोबरीतच धरतात, म्हणून “अपराजित”. मनाचं समाधान, दुसरं काय.

७. ऑलिम्पिकमध्ये खेळले आहेत का?

हो, चार वेळा: २०००, २००४, २००८ आणि २०२४. चांगली आठवण एकच, अथेन्स २००४. तिथे जपानला १–० हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि जर्मनीकडून १–२ असे हरले. उरलेल्या तिन्ही वेळा गटातले सगळे सामने गेले.

मधली सोळा वर्षं का गेली, हे बरेच जण विचारतात. ऑलिम्पिकची आफ्रिकी पात्रता वेगळी असते. तिथे घरी एक आणि दारी एक असे दोन सामने, आणि हरलात की बाहेर. गटात सावरायची सोय नाही. २०१२ साठी कॅमेरूनने शूटआउटमध्ये, २०१६ साठी इक्वेटोरियल गिनीने आणि टोकियोसाठी आयव्हरी कोस्टने परक्या मैदानावरच्या गोलच्या नियमाने (बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) त्यांना बाहेर काढलं. पॅरिससाठी दक्षिण आफ्रिकेला दोन सामन्यांत मिळून १–० हरवलं, तेव्हा कुठे ही साडेसाती संपली.

८. नावं ठाऊक असायला हवीत अशा खेळाडू कोणत्या?

यादी लांबेल, म्हणून पाच.

मर्सी अकिदे: २००१ मध्ये आफ्रिकेची वर्षातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू हा पुरस्कार सुरू झाला, त्याची पहिली मानकरी.

पर्पेतुआ न्क्वोचा: हाच पुरस्कार चार वेळा. २००४ च्या अंतिम सामन्यात कॅमेरूनला ५–० हरवलं, त्यातले चार गोल एकटीचे. अंतिम सामन्यात चार! गल्लीतल्या सामन्यातही कुणी एवढे मारू देत नाही.

असिसात ओशोआला: लागोसजवळच्या इकोरोडूची. शाळा सोडून फुटबॉल खेळते म्हणून आईवडील नाराज होते. २०१४ च्या वीस वर्षांखालील विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वाधिक गोल, दोन्ही मान तिला. पुढे बार्सिलोनाकडून चॅम्पियन्स लीग जिंकली आणि आफ्रिकेचा पुरस्कार सहा वेळा घेतला. एवढ्या वेळा तो दुसऱ्या कुणालाही मिळालेला नाही.

ओनोमे एबी: बचावपटू. २००३ ते २०२३ असे सहा विश्वचषक. शेवटच्या वेळी वय ४०.

चियामाका न्नादोझी: गोलरक्षक. सध्याच्या संघाचा अर्धा भरवसा हिच्या हातमोज्यांवर आहे.

रशीदत अजिबादेचं नाव मुद्दाम इथे घेतलं नाही. ती प्रश्न १० मध्ये भेटेल.

९. ‘न्नादोझी’, ‘न्क्वोचा’ ही नावं उच्चारायची कशी?

सुरुवातीचा ‘न्’ गिळू नका, त्याला स्वतंत्र ठोका द्या: न्-नादोझी, न्-क्वोचा. ही इग्बो नावं आहेत. इग्बोत ‘न्ना’ म्हणजे वडील आणि ‘चियामाका’ म्हणजे देव सुंदर आहे. ‘फोलाशादे’सारखी नावं योरुबा, तर ‘रशीदत’ हे योरुबा मुसलमान घरांत आढळणारं नाव. संघाची यादी वाचली की देशाचा नकाशाच वाचल्यासारखं होतं. समालोचक ‘एन्क्वोचा’ म्हणतात तेही चालतं, कुणी रागावत नाही.

१०. रबातच्या अंतिम सामन्यात काय घडलं?

२६ जुलै २०२५. यजमान मोरोक्को, भरलेलं मैदान आणि मध्यंतराला मोरोक्को २–० ने पुढे. नायजेरियाने त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत झांबियाचा ५–० असा धुव्वा उडवला होता आणि उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला २–१ हरवलं होतं. तो विजयी गोल तर भरपाईच्या वेळेतला: मिशेल अलोझीने लांबून उंच मारलेला चेंडू कुणाचाही पाय न लागता थेट आत गेला. म्हणजे दैव बाजूने होतं, असं म्हणायला वाव होता. मध्यंतराला मात्र ते दैव संपल्यासारखं दिसत होतं.

६४व्या मिनिटाला एस्थर ओकोरोंक्वोने पेनल्टीवर गोल केला. ७१व्या मिनिटाला फोलाशादे इजामिलुसीने बरोबरी साधली. आणि ८८व्या मिनिटाला ओकोरोंक्वोच्या फ्री किकवर बदली म्हणून आलेल्या जेनिफर एचेगिनीने तिसरा ठोकला. ३–२. कर्णधार रशीदत अजिबादे स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि न्नादोझी सर्वोत्तम गोलरक्षक.

नायजेरियात या मोहिमेला ‘मिशन एक्स’ म्हणत होते. एक्स म्हणजे रोमन दहा, म्हणजे दहावं विजेतेपद (प्रश्न १२). आता पुढच्या प्रश्नांकडे वळायला हरकत नाही.

११. स्पर्धेचं नाव २०२४ आणि खेळली गेली २०२५ मध्ये, असं का?

२०२४ च्या उन्हाळ्यात पॅरिस ऑलिम्पिक होतं आणि वेळापत्रकात जागाच सापडेना. मग आफ्रिकी महासंघाने स्पर्धा वर्षभर पुढे ढकलली, नाव तेच ठेवलं. नोंदी तपासताना गोंधळ होतो, पण विजेतेपद एकच आहे, दोनदा मोजू नका. २०२० ची स्पर्धा मात्र करोनामुळे झालीच नाही, त्यामुळे २०१८ नंतर थेट २०२२.

१२. काही ठिकाणी १० विजेतेपदं, काही ठिकाणी १२. खरं कोणतं?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच.

ज्यांवर वाद नाही ती दहा: १९९८, २०००, २००२, २००४, २००६, २०१०, २०१४, २०१६, २०१८ आणि २०२४. उरलेली दोन १९९१ आणि १९९५ ची. त्या दोन वर्षी एका देशात सगळे संघ जमवून स्पर्धा झालीच नाही. दोन-दोन संघ एकमेकांच्या घरी जाऊन खेळले आणि शेवटी उरला तो विश्वचषकाला गेला. १९९१ ला शेवटच्या फेरीत कॅमेरूनला आणि १९९५ ला दक्षिण आफ्रिकेला त्यांनी हरवलं. आफ्रिकी महासंघ आता मोजणी १९९८ पासून करतो, कारण एका जागी, यजमान देशात, ठरल्या तारखांना झालेली पहिली स्पर्धा ती. जुन्या नोंदवह्या आणि कित्येक चाहते पहिली दोनही धरतात.

तांत्रिकदृष्ट्या महासंघाचं म्हणणं चुकीचं नाही. पण माझं मत विचाराल तर बारा. १९९१ च्या मुलींनी समोर ठेवलेला प्रत्येक संघ हरवला. स्पर्धेला यजमान मिळाला नाही हा त्यांचा दोष कसा? लेख लिहिताना मात्र दोन्ही आकडे द्या आणि कारण सांगा, म्हणजे खाली कुणी वाद घालणार नाही. घालतीलच, पण कमी.

१३. मग ही स्पर्धा नायजेरियाकडून कुणी हिसकावली?

तीन नावं. इक्वेटोरियल गिनीने २००८ आणि २०१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेने २०२२ मध्ये. बाकी प्रत्येक वेळी चषक नायजेरियाचाच. तिसरं नाव मोरोक्कोचं. त्यांनी चषक जिंकलेला नाही, पण २०२२ च्या उपांत्य फेरीत नायजेरियाला बाहेर काढलं. त्या रात्री नायजेरियाच्या दोघींना लाल कार्ड मिळालं, नऊ जणींनी १–१ टिकवून धरलं आणि शूटआउटमध्ये हरल्या. तीन वर्षांनी रबातमध्ये झालं त्याची चव म्हणूनच वेगळी होती.

१४. आफ्रिकेत एवढा दबदबा, मग जागतिक पातळीवर उपांत्य फेरी का नाही?

एक कारण सांगता येणार नाही. तरी सर्वात जड कारण मैदानाबाहेरचं वाटतं: सराव सामने कमी, शिबिरं ऐन वेळी रद्द आणि थकलेले पैसे (प्रश्न १५ व १६). युरोपातले संघ वर्षभर एकमेकांशी खेळतात. नायजेरियाच्या मुली कित्येकदा थेट विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात तगड्या संघासमोर उभ्या राहिल्या.

दुसरं, बाकीचे थांबून राहिले नाहीत. मोरोक्कोने महिला लीगमध्ये पैसा ओतला, झांबिया आणि दक्षिण आफ्रिका वर आले. २०२३ च्या विश्वचषकात आफ्रिकेचे चारपैकी तीन संघ अंतिम सोळात होते. तिसरं म्हणजे नशिबाची बाजू, तीही थोडी असतेच. १९९९ आणि २०२३ या दोन्ही वेळा फरक एका किकचा होता.

१५. बोनसची भांडणं सारखी ऐकू येतात. नेमकं प्रकरण काय?

हा एक प्रसंग नाही, जुना शिरस्ता आहे. खेळाडूंना मिळायचं असतं ते तीन प्रकारचं: सामना जिंकल्याचा बोनस, शिबिराचा रोजचा भत्ता आणि प्रवासखर्च. हे पैसे देशाच्या फुटबॉल महासंघाकडून यायचे, महासंघ सरकारकडे बोट दाखवायचा, आणि संघ घरी परतला की विषय बासनात. म्हणून मुलींनी एक गोष्ट शिकून घेतली: पैसे हातात पडेपर्यंत घरी जायचं नाही.

२००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत चषक जिंकल्यावर संघाने हॉटेल सोडायला नकार दिला. २०१६ मध्ये कॅमेरूनला त्यांच्याच घरी, याउंदेत, १–० हरवून आलेला संघ अबुजाच्या हॉटेलात ठिय्या मारून बसला. डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष अर्थसंकल्प मांडायला संसदेत आले, त्याच दिवशी खेळाडू फलक घेऊन संसदेवर चालून गेल्या. चषक जिंकून दोन आठवडेही झाले नव्हते. २०१९ ला फ्रान्समध्ये स्पर्धेतून बाहेर पडल्यावर पुन्हा हॉटेलात ठिय्या. २०२२ ला मोरोक्कोत तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याआधी सरावावर बहिष्कार.

२०२३ च्या विश्वचषकाआधी तर प्रशिक्षक रँडी वॉल्ड्रम यांनीच स्वतःचा पगार महिनोन्‌महिने थकल्याचं जाहीर सांगितलं. त्या वेळी फिफाने प्रथमच प्रत्येक खेळाडूसाठी ठरावीक रक्कम जाहीर केली होती, गटात खेळणाऱ्या प्रत्येकीला किमान ३०,००० डॉलर. स्पर्धेनंतर खेळाडूंच्या जागतिक संघटनेनेही, म्हणजे फिफप्रोने, थकलेल्या बोनस आणि भत्त्यांच्या वादात त्यांची बाजू घेतली.

पोटप्रश्न: पण २०२५ ला तर घरं आणि लाखभर डॉलर मिळाले ना? जाहीर झाले. राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी प्रत्येक खेळाडूला एक लाख डॉलरच्या किमतीएवढे नायरा, तीन खोल्यांचं घर आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. आनंदाचीच गोष्ट. पण बक्षीस वेगळं आणि हक्काचे पैसे वेगळे. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, बोनस करारावर. या स्पर्धेत विजेत्या देशाला आफ्रिकी महासंघाकडून दहा लाख डॉलर मिळाले. पुरुषांच्या २०२३ च्या आफ्रिका चषकात विजेत्याला सत्तर लाख होते. ही तफावत राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीने भरून निघत नाही.

१६. २०१७ सालचे निकाल कुठेच सापडत नाहीत. माझं शोधणं चुकतंय का?

नाही. त्या वर्षी संघ खेळलाच नाही. आफ्रिकेचा विजेता संघ वर्षभर एकाही सामन्याविना बसून राहिला. मायदेशी संसदेवर मोर्चा नेणाऱ्या संघासाठी सामने ठरवायला कुणाला घाई नव्हती, असं मी म्हणतो. देशाचा महासंघ तसं म्हणणार नाही. पुढचा सामना २०१८ च्या फेब्रुवारीत, पश्चिम आफ्रिकेच्या स्पर्धेत.

१७. परदेशात जन्मलेल्या मुली नायजेरियाकडून कशा खेळतात?

आई, वडील, आजी किंवा आजोबा यांपैकी कुणी नायजेरियन असेल आणि नागरिकत्व असेल तर खेळता येतं. लहान वयोगटात दुसऱ्या देशाकडून खेळलं असेल तरी काही अटींवर फिफा बदलाला परवानगी देते. इंग्लंडच्या लेस्टरमध्ये जन्मलेली ॲशली प्लम्प्ट्री इंग्लंडच्या लहान गटांतून खेळून पुढे नायजेरियाकडे आली. मिशेल अलोझी अमेरिकेत जन्मली. येल विद्यापीठातून जीवशास्त्र शिकली आणि व्यावसायिक फुटबॉल खेळत असतानाच ह्यूस्टनमध्ये लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या प्रयोगशाळेत कामही करत होती. घरी “आधी शिक्षण, मग खेळ” हे वाक्य ऐकून कंटाळलेल्या मुलींनी हिचं उदाहरण जपून वापरावं, ते दोन्ही बाजूंनी उलटतं.

१८. भारतात हा संघ कधी खेळला आहे का?

तुम्ही पाहिल्या त्या फ्लेमिंगो होत्या, वरिष्ठ संघ नव्हे. ऑक्टोबर २०२२ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक. जर्मनीविरुद्ध पहिला सामना गोव्यात, १–२ असा गेला. त्यानंतर न्यूझीलंडला ४–० हरवलं, चिलीलाही हरवलं. उपांत्यपूर्व फेरी नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर: अमेरिकेशी १–१ आणि शूटआउटमध्ये विजय. उपांत्य सामना मडगावजवळ फातोर्ड्याला, कोलंबियाशी ०–० आणि शूटआउटमध्ये ५–६ असा निसटता पराभव.

३० ऑक्टोबरला पुन्हा नेरूळला, तिसऱ्या क्रमांकासाठी, समोर पुन्हा जर्मनी. नायजेरियाने ३–० अशी आघाडी घेतली आणि जर्मनीने ती ३–३ वर आणली. बाद फेरीतला त्यांचा तिसरा शूटआउट, आणि या वेळी जिंकल्या, ३–२. या वयोगटात नायजेरियाला मिळालेलं हे पहिलं पदक, आणि ते नवी मुंबईत मिळालं. त्या दिवशी अंतिम सामन्यासाठी लवकर येऊन बसलेल्यांना हा सामना फुकटात पडला.

१९. २०१९ मध्ये फ्रान्सला पेनल्टी दोनदा का मारू दिली? आणि हरूनही नायजेरिया पुढे कसा गेला?

रेनमधल्या गटाच्या शेवटच्या सामन्यात फ्रान्सच्या वेंडी रेनारची पेनल्टी खांबाला लागून बाहेर गेली. पण व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी, दाखवलं की चेंडू मारण्याच्या क्षणी न्नादोझीचे दोन्ही पाय गोलरेषेच्या पुढे होते. नवा नियम असा की एक पाय तरी रेषेवर हवा. पेनल्टी पुन्हा झाली, ७९व्या मिनिटाला गोल झाला, फ्रान्स १–० ने जिंकलं आणि न्नादोझीला पिवळं कार्ड मिळालं. नियमाप्रमाणे पंच बरोबर होते. मात्र खांबाला लागलेल्या चेंडूवर गोलरक्षकाच्या पावलाचा काय परिणाम झाला, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. गडबड एवढी झाली की काही दिवसांतच, त्याच स्पर्धेपुरती, शूटआउटमध्ये अशा चुकीला पिवळं कार्ड देण्याची सक्ती उठवण्यात आली.

पुढे कसे गेले, तर चोवीस संघांच्या स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाचे चार सर्वोत्तम संघही बाद फेरीत जात. नायजेरियाचं भवितव्य चिली-थायलंड सामन्यावर अडकलं. चिलीला तीन गोलांनी जिंकायला हवं होतं. २–० अशी आघाडी असताना शेवटच्या मिनिटांत त्यांना पेनल्टी मिळाली, आणि ती आडव्या दांड्याला लागली. एका पेनल्टीने घालवलं ते दुसऱ्या पेनल्टीने आणून दिलं. अंतिम सोळात जर्मनीने ३–० हरवलं, तो भाग वेगळा.

२०. २००० चा अंतिम सामना पूर्णच झाला नाही म्हणतात. मग तो विजय धरायचा का?

धरायचा. दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या व्होस्लूरसला, यजमानांविरुद्ध नायजेरिया २–० ने पुढे होता. दुसऱ्या गोलवरून प्रेक्षक भडकले, मैदानात वस्तू येऊन पडू लागल्या, आणि साधारण पाव तास बाकी असताना पंचांनी सामना थांबवला. तो पुन्हा सुरू झाला नाही. गुणफलक २–० असाच कायम ठेवून नायजेरियाला विजेता घोषित केलं. प्रश्न १२ मधल्या दहांच्या यादीत हे वर्ष आहे, आणि त्यावर आफ्रिकी महासंघाची काही तक्रार नाही.